विश्रांतीचे दिवस

संशोधनाचा लेख नियतकालिकात जवळजवळ स्वीकारला गेला होता. परीक्षकांची एकच शंका उरली होती आणि ती रास्त होती. औषधाला दाद न देणाऱ्या पेशी तुम्ही प्रयोगशाळेत तयार केल्या म्हणता, तर त्या कशा केल्या ते नीट लिहा. औषध किती दिलं, किती दिवस दिलं, आणि मधे विश्रांती किती दिवसांची. सर दारातूनच म्हणाले, "तुमच्या वहीत असेलच सगळं. जेवायच्या आधी तक्ता करून टाका." माझ्या वहीत सगळं असतं अशी माझी ख्याती आहे. कोणा एका माणसाच्या रक्ताच्या कर्करोगातल्या त्या पेशी. माणूस जाऊन कित्येक वर्षं झाली, पेशी मात्र बाटल्यांतल्या गुलाबी पाण्यात सुखात आहेत. चौदा महिने मी त्यांना तळहाताच्या फोडासारखं जपलं. रविवारी, सुट्टीच्या दिवशी, अंगात ताप असतानासुद्धा येऊन खायला घातलं. मी तीन रकाने आखले आणि वहीतून उतरवायला लागले. पहिला आठवडा, अगदी थोडं औषध. शेरा: पुष्कळ मेल्या, उरलेल्या थकलेल्या दिसतात, चार दिवस सुट्टी. पुढे: सावरल्या, पुन्हा सुरू. पुढे: थोडं वाढवलं, सोसत नाही, अर्धं केलं. पुढे: पुन्हा थकल्यात, सुट्टी. पेशींना थकलेल्या म्हणते म्हणून सर एकदा खूप हसले होते. सातव्या ओळीवर माझा हात थांबला. हे अक्षर, हे शब्द, ही चार दिवसांची सुट्टी मी आणखी एका ठिकाणी दोन वर्षं लिहीत आले होते. घरी, फ्रिजच्या बाजूला लटकवलेल्या कॅलेंडरवर, तारखेच्या चौकोनात, बारीक अक्षरात. थकलाय, सुट्टी.

ते कॅलेंडर माझ्या धाकट्या भावाच्या गोळ्यांचं आहे. तो माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा नऊ वर्षांचा होता, आणि वडील असून नसल्यासारखे, म्हणजे घरात असत पण खुर्चीत असत. त्यामुळे आईपण माझ्याकडे आलं. मी मागितलं नव्हतं, पण एकदा आल्यावर कोणाला वाटूनही दिलं नाही. मी त्याला ठोंब्या म्हणते. तो ठोंब्या मुळीच नाही. लिफ्टचा मेकॅनिक आहे, आणि बंद पडलेल्या लिफ्टच्या दाराला कान लावून आत काय बिघडलंय ते सांगतो. तीन वर्षांपूर्वी त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं आणि मग जे व्हायचं ते सगळं झालं. पहिले आठ महिने इस्पितळात कडक औषधं, केस गेले, वजन गेलं, आणि आजार हटला. हटला म्हणजे दिसेनासा झाला. त्यापुढे दोन वर्षं घरच्या घरी रोज संध्याकाळी माझ्या प्रयोगशाळेतल्याच औषधाच्या गोळ्या, रिकाम्या पोटी, दुधाशिवाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "हा भाग लोकांना सोपा वाटतो. तसा तो नाही. लपून बसलेल्या पेशी याच गोळ्यांनी मरतात. एकही चुकवायची नाही. पण मी कोणाला सांगतेय, तुम्ही तर याच खात्यातल्या." आणि त्या हसल्या होत्या. मीही हसले होते, आपल्या खात्यातलं माणूस भेटलं की हसतात तशी.

हातात अजून हातमोजे होते. मी ते काढले, हात धुतले, परत येऊन बसले आणि तक्ता पुढे लिहायला लागले. लिहिता येत होतं याचंच नवल वाटलं. बाराव्या ओळीपर्यंत मी स्वतःला समजावत होते की हे नुसतं शब्दांचं साम्य आहे. थकलेल्याला थकलेला नाही म्हणणार तर काय म्हणणार. पण साम्य शब्दांचं नव्हतं. थोडं द्यायचं, मरणाऱ्या मरू द्यायच्या, न मेलेल्यांना उसंत द्यायची, त्या सावरल्या, वाढल्या, की पुन्हा थोडं. घाई केली तर सगळ्या मरतात आणि हाती काही लागत नाही. धीर धरला तर चौदा महिन्यांत अशा पेशी मिळतात की बाटलीभर औषध ओतलं तरी ढिम्म. औषधाला न जुमानणाऱ्या पेशी करायची जगात दुसरी सोपी रीत नाही, आणि ही रीत मला जितकी येते तितकी आमच्या इमारतीत कोणालाही येत नाही. मी ती दोन जागी वापरली. एका जागी वहीत नोंद ठेवून.

गोळ्यांनी त्याला मळमळायचं. तोंडात फोड यायचे. संध्याकाळी कामावरून आला की बूट काढायच्या आधी तो माझ्या हाताकडे बघायचा, आणि मी डबी पाठीमागे धरायचे. "तायडे, आज नको ना. उद्या मोठं काम आहे, अकरा मजले आहेत." पहिल्यांदा मी नाही म्हटलं, दुसऱ्यांदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं, "बरं, आज अर्धी घे." सुरीने गोळीचे दोन तुकडे केले आणि एक परत डबीत ठेवला. दुसऱ्या दिवशी तो हसत घरी आला, दोन घास जास्त जेवला, आणि मला वाटलं की डॉक्टरांना काय कळतंय. माणूस घरच्यांनाच कळतो. मग अर्ध्याची सवय लागली. त्याला नव्हे, मला. मोठ्या कामाच्या आधी अर्धी, सर्दी झाली की सुट्टी, तोंड आलं की चार दिवस सुट्टी. एकदा त्याने विचारलं, "चालतं ना गं हे?" मी म्हटलं, "बाईंशी बोलले मी." बोलले नव्हते. तेवढं एक वाक्य, आणि त्याने पुन्हा कधी विचारलं नाही. का विचारेल? त्याच्या दृष्टीने त्याची ताई याच आजाराच्या पेशींशी दिवसभर बोलत असते. तो त्यांना माझ्या पोरी म्हणायचा. रविवारी मी घरी परतले की विचारायचा, "घातलंस का पोरींना खायला? सासरी कधी पाठवतेस त्यांना?"

त्याला मी माझं काम एकदा समजावून सांगितलं होतं. औषध पेशीत शिरतं तेव्हा निरुपद्रवी असतं. पेशी आपल्या सवयीने त्याला एक शेपूट जोडते. शेपूट जोडलं की त्याचं विष होतं आणि मग ते बाहेरही पडू शकत नाही. पण काही पेशींमध्ये एक एन्झाइम जास्त बनतं. ते आलेल्या औषधाचं शेपूट तोडतं आणि औषध जसं आलं तसं परत निघून जातं. हे एन्झाइम जितकं जास्त तितकी पेशी चिवट, आणि ते किती आहे ते मोजणं हेच माझं पोट भरण्याचं साधन. त्याने सगळं मन लावून ऐकलं आणि म्हणाला, "म्हणजे आपल्या काकूसारखं. पाहुणा टेकायच्या आत 'निघालात का' विचारायचं." आम्ही इतके हसलो की त्याला ठसका लागला. त्या संध्याकाळी त्याला अर्धीच दिली होती, हे आज कॅलेंडर न बघता मला आठवतं.

दर महिन्याला रक्त तपासायचे. औषध नीट लागू पडत असलं की पांढऱ्या पेशींचा आकडा थोडा दबून राहतो, राहायलाच हवा. त्याचा राहत नव्हता. डॉक्टरीणबाईंनी दोन महिने वाट पाहिली, मग कपाळाला आठी घालून म्हणाल्या, "गोळ्या रोज जातायत ना?" मी म्हटलं, "हो." त्यांनी मान डोलावली, संशयाने नव्हे, विचारात पडून. "काहींच्या शरीरात हे औषध मोडणारं एन्झाइम मुळातच जास्त असतं. तुमचं ते नव्हे, दुसरं, सगळ्यांच्याच अंगात असतं ते. तपासून घेऊ." म्हणजे माझ्या खोटेपणाला त्यांनी आपणहून एका एन्झाइमचं नाव दिलं, आणि मी समोर बसून गंभीर चेहऱ्याने म्हटलं, "हो, तेही असू शकतं." तपासणी झाली. सगळं इतर चारचौघांसारखं निघालं. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. बाई म्हणाल्या, "कमाल आहे. मग डोस वाढवू." घरी येताना बसमध्ये खिडकीशी बसून मी वाढवलेल्या डोसातून वाढवलेला भाग वजा केला. तो शेजारी बसून रस्त्यावरच्या इमारतींकडे बघत होता. कोणती लिफ्ट कोणत्या कंपनीची ते त्याला बाहेरूनच कळतं. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण माझ्याकडे दिवाही माझाच होता आणि अंधारही मीच जपून ठेवलेला.

मला काय वाटत होतं तेव्हा? हे मी स्वतःला खूपदा विचारलं आहे आणि उत्तर लाजिरवाणं आहे. मला वाटत होतं की माझ्या बाटलीतल्या पेशी म्हणजे पेशी आणि माझा भाऊ म्हणजे माझा भाऊ. त्याच्या अंगात लपलेल्या पेशींना बाटलीतल्यांचे नियम लागू असतील हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण ते ठाऊक असणं प्रयोगशाळेतल्या कोटासारखं खुंटीवर ठेवून मी घरी जायचे. घरी मी नुसती ताई असायचे, आणि ताईला दया येते. मी त्याच्यावर दया केली असं मी म्हणत आले. खरं म्हणजे रोज संध्याकाळी त्याने माझ्या हाताकडे तसं बघणं मला सोसत नव्हतं. दया मी स्वतःवर केली.

दोन आठवड्यांपूर्वी त्याच्या नडगीवर निळे डाग दिसले. "लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना लागलं असेल," तो म्हणाला. मीही म्हटलं, लागलं असेल. तिसऱ्या दिवशी तसेच डाग दंडावर होते. तपासणीत आजार उलटल्याचं निघालं. बाई म्हणाल्या, "पूर्ण डोसावर असताना उलटला म्हणजे फार चिवट दिसतोय." 'पूर्ण' हा शब्द त्यांनी तिथल्या तिथे केसपेपरवर लिहिला, आणि मी तो उलट्या बाजूने वाचला. त्याच्या हाडातल्या मगजाचा नमुना, नावाऐवजी आकडा लावून, नेहमीप्रमाणे आमच्याकडे आला, कारण सरांच्या अभ्यासात त्या इस्पितळाचे सगळेच रोगी आहेत. बर्फाचे डबे उघडणारी मीच. आकडा कोणाचा ते मला तारखेवरून कळतं. त्याचा तीन वर्षांपूर्वीचा, औषधाचा कणही पोटात जायच्या आधीचा नमुनाही आमच्याच टाकीत उणे दोनशे अंशांच्या आसपास झोपलेला आहे, हे मला तक्ता लिहीत असताना आठवलं. आणि आठवताच एक आशा वाटली. आशेचीही लाज वाटावी अशी ती होती.

कारण हिशेब अगदी सरळ होता. त्या जुन्या नमुन्यातही एन्झाइम जास्तच असेल, तर पेशी जन्मतःच चिवट होत्या. गोळी पूर्ण असो की अर्धी, हे होणारच होतं, आणि मी निर्दोष. जुन्यात कमी आणि नव्यात जास्त निघालं तर त्या दोन वर्षांत शिकल्या. त्यांना कोणी शिकवलं ते सांगायला परीक्षकांचं पत्र नको. मी तक्ता पुरा केला, सरांना नेऊन दिला, त्यांनी "वा" म्हटलं. मग टाकीचं झाकण उघडलं. पांढरा धूर अंगावर आला आणि पापण्या गार झाल्या. हे हात दाखवून अवलक्षण आहे हे मला समजत होतं. कोणी मागितलं नव्हतं, कोणाला कळणार नव्हतं, आणि बघितलं नाही तर आशा तरी शिल्लक राहिली असती. पण बावीस वर्षं जे मोजत आले ते नेमकं इथे न मोजता राहणं मला जमलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जुना नमुना, नवा नमुना आणि तुलनेसाठी माझ्या पोरी, असे तीन शेजारी शेजारी लावले. एन्झाइमने तोडलेलं शेपूट रंग देतं, जितकं जास्त तितका रंग गडद, आणि यंत्र त्या रंगाचा आकडा सांगतं. चाळीस मिनिटं थांबायचं असतं. मी खिडकीशी उभी होते. खाली कोणीतरी मोटार मागे घेत होतं आणि दुसरा कोणीतरी "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत होता. मी कोणाला म्हणून साकडं घालत होते कोण जाणे, पण घालत होते. एवढं एक जुनं पाप त्याच्या पेशींचं निघू दे, माझं नको.

यंत्राची गरज नव्हती. डोळ्यांना दिसत होतं. ताटलीतली जुन्या नमुन्याची खळगी जवळजवळ पाण्यासारखी होती. अकरा. माझ्या चौदा महिन्यांच्या पोरी अठ्ठावन्न. आणि नवा नमुना चौसष्ट. मी पुन्हा लावून पाहिलं, तोच आकडा. घरी मी जे केलं होतं ते प्रयोगशाळेतल्यापेक्षा सहाने सरस उतरलं होतं. सरांनी माझ्या हाताची तारीफ करावी असंच काम. मी खुर्चीत बसले आणि मला रडू आलं नाही. रडण्यासाठी कोणावर तरी अन्याय झालेला असावा लागतो.

दुपारी डॉक्टरीणबाईंना फोन केला. जिन्यात उभी राहून सगळं सांगितलं, न थांबता, आकड्यांसकट. त्या म्हणाल्या, "मी विचारलं होतं तुम्हाला." मी म्हटलं, "हो." "दुसरं कोणी असतं तर मी डबीतल्या गोळ्या मोजून घेतल्या असत्या. तुमच्या मोजल्या नाहीत." मग विचारलं, "त्याला माहीत आहे?" मी नाही म्हटलं. "मग उद्या भरती व्हायच्या आत तुम्ही त्याला सांगा. हे माझ्या तोंडून जाणं बरं नाही." मी विचारलं, पुढे काय. त्या म्हणाल्या, "दुसरी औषधं आहेत. ती देऊ. पण पहिल्या खेपेला जितकं हातात होतं तितकं आता नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं." त्यांनी 'तुम्हाला' हा शब्द पूर्वीसारखा उच्चारला नाही.

संध्याकाळी तो जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसला होता. मधोमध कुठल्याशा लिफ्टचा जुना स्विच उघडून ठेवलेला. उद्या इस्पितळात जायचं म्हणून त्याच्या साहेबांनी त्याला सुट्टी दिली होती आणि सुट्टीत काय करायचं ते त्याला ठाऊक नाही. चेहरा मेणासारखा झाला होता, पण हात तेच होते, नखांत तेल गेलेले.

"एक सांगायचंय तुला," मी म्हटलं.

"लग्न ठरलं की काय तुझं?"

मी सांगितलं. फार वाईट सांगितलं. आधी परीक्षकांच्या पत्रापासून सुरुवात केली, मग एन्झाइम, मग रकाने. मग माझ्याच लक्षात आलं की मी पुन्हा कोट घालून बोलतेय. तेव्हा थांबले आणि म्हटलं, "बाईंना मी कधीच विचारलं नव्हतं. अर्ध्या गोळ्या मी माझ्या मनाने दिल्या. सुट्ट्याही."

तो फडक्याने स्विचचं पितळ पुसत होता. पुसायचं थांबला नाही. "तू म्हणाली होतीस, बोलले मी."

"खोटं बोलले."

"आणि डोस वाढवला तेव्हा?"

"तेव्हाही."

त्याने पितळ उजेडाकडे धरून पाहिलं, परत पुसायला घेतलं. "मीच म्हणायचो ना पण, आज नको, आज नको."

हेच वाक्य दोन दिवस माझ्या जिभेच्या टोकावर येत होतं. तूच म्हणायचास. ते त्याने आपणहून माझ्यासमोर ठेवलं आणि उचलायला मी किती आतुर आहे हे मला कळलं. मी म्हटलं, "तुझं म्हणणं बरोबरच होतं. आजारी माणूस नको म्हणणारच. द्यायचं काम माझं होतं."

"पूर्ण दिल्या असत्या तर?"

"तसं सांगता येत नाही रे. काहींना पूर्ण देऊनसुद्धा..."

"तुला येतं सांगता," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. बंद लिफ्टच्या दाराला कान लावून तो जसं म्हणतो, वरचा पट्टा सुटलाय, तसंच. "दिवसभर तेच करतेस तू. सांग."

अकरा आणि चौसष्ट. ते दोन आकडे त्याला काहीच सांगणार नाहीत असं मला क्षणभर वाटलं, आणि मग वाटलं, सांगतील.

"बहुतेक परत आला नसता," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. खूप वेळ वर्तमानपत्रावरचे स्क्रू एकेक करून झाकणात गोळा करत राहिला. मला वाटलं आता ओरडेल, काहीतरी फेकेल, निदान रडेल. मी वाट पाहत होते. त्याने काहीही केलं असतं तरी मला पुढचं काहीतरी करता आलं असतं. पाणी आणलं असतं, पाठीवरून हात फिरवला असता. त्याने स्विच जोडला, दोनदा खटखट करून पाहिला, बाजूला ठेवला आणि घड्याळाकडे बघितलं. उद्याच्या भरतीआधी बाईंनी आजच्या संध्याकाळसाठी चार गोळ्या लिहून दिल्या होत्या. सवयीने मी उठले, डबी घेतली, पेल्यात पाणी घेतलं, त्याच्यासमोर उभी राहिले. त्याने हात पुढे केला तो डबीसाठी. मी दिली. त्याने बाईंचा कागद उलगडून वाचला, गोळ्या तळहातावर काढल्या, एकदा मोजल्या, पुन्हा मोजल्या.

"उद्यापासून बाईंशी मी बोलेन," तो म्हणाला.

"बरं."

"तू येत जा तिकडे. येऊ नकोस असं म्हणत नाही. पण औषधाला हात लावू नकोस, ताई."

तायडे म्हटलं नाही त्याने. रागही नव्हता आवाजात. खाली खोल खड्डा असला की तो इमारतीतल्या माणसांना सांगतो, जरा मागे व्हा, तितक्याच साधेपणाने सांगितलं. पेला माझ्या हातात होता, मी तो पुढे केला. तो उठला, माझ्या बाजूने स्वयंपाकघरात गेला, दुसरा पेला घेऊन नळाखाली विसळला, भरला, आणि तिथेच माझ्याकडे पाठ करून उभा राहून त्याने एकेक करत चारही गोळ्या घेतल्या.